दगडाचे वय आणि भेगेचे वय

गेल्या अंकात खंभातच्या खोऱ्याविषयी लिहिताना ‘येथील प्रस्तरभंग दख्खनचा लाव्हा थिजल्यानंतरही अनेकदा सरकले’ असे एक वाक्य मी सहज लिहून गेलो. त्यावर बडोद्यातून आणि बाहेरगावाहून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख ‘हे तुम्हांला कळले कसे?’ असाच होता. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दोन ओळींत मावणारे नाही. म्हणून या वेळचे सदर सगळे याच विषयाला दिले आहे. प्रस्तरभंग म्हणजे जिच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकले आहेत अशी भेग. त्याला काही पुस्तकांत विभंग किंवा भ्रंश म्हणतात, तर तेलक्षेत्रातली माणसे नुसते ‘फॉल्ट’ म्हणतात. पत्रलेखकांनी जो शब्द वापरला तोच मी ठेवला आहे.

प्रश्न : तेलविहिरींवर तीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. सिस्मिक सेक्शनवर (जमिनीत लहरी सोडून काढलेल्या थरांच्या छेदचित्रावर) आमचे भूवैज्ञानिक साहेब रंगीत पेन्सिलीने फॉल्ट काढत आणि ‘हा ओलपाडच्या काळातला, हा त्यानंतरचा’ असे सांगत. आता माझा भाचा म्हणतो की फॉल्टमधल्या मातीचेच वय प्रयोगशाळेत मोजता येते. मग आमचे साहेब जे सांगत, ते अंदाजपंचे दाहोदरसे होते काय? — एक निवृत्त कर्मचारी, मकरपुरा

उत्तर : मुळीच नाही. आपल्या साहेबांची रीत भूविज्ञानातली सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत भरवशाची रीत आहे. फॉल्टने जो थर तोडला, त्या थरापेक्षा फॉल्ट तरुण असणार, आणि जो थर फॉल्टवरून अखंड पसरला आहे, तो फॉल्टच्या शेवटच्या हालचालीनंतर साचला असणार, एवढ्या साध्या तर्कावर ती उभी आहे. त्यात आणखी एक बारकावा असतो. एखादा थर फॉल्टच्या खचलेल्या बाजूला जाड आणि उचललेल्या बाजूला पातळ दिसला, तर तो थर साचत असतानाच ती बाजू खचत होती, असे समजावे. खंभातच्या खोऱ्यात दख्खनच्या बेसॉल्टवर जो ओलपाड नावाचा, त्याच बेसॉल्टच्या तुकड्यांनी आणि भुकटीने बनलेला थर आहे, त्याची जाडी जागोजागी अशीच बदलते, आणि म्हणूनच ही खचदरी तेव्हा फाकत होती असे आपले साहेब ठामपणे सांगू शकत होते.

या रीतीची अडचण एवढीच, की ती तारीख सांगत नाही, मर्यादा सांगते. फॉल्टने सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा खंभात शेल (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) तोडला आहे आणि त्यावर थेट कालपरवाचा नदीचा गाळ पसरला आहे, असे असेल तर हालचाल मधल्या पाच कोटी वर्षांत केव्हातरी झाली, यापलीकडे थर काही बोलत नाहीत. मधले थर साचलेच नसतील किंवा साचून धुपून गेले असतील, तर साक्षीदारच उरत नाही. तेल शोधणाऱ्यांना तेवढ्यावर भागत नाही. तेल शेलमध्ये तयार होऊन वर सरकू लागले, त्याच्या आधी फॉल्टने सापळा तयार केला असेल तर तिथे तेल अडेल, आणि सापळा नंतर तयार झाला असेल तर तेल केव्हाच निघून गेलेले असेल. आधीचा सापळाही पुढे फॉल्ट पुन्हा हलल्यामुळे गळू शकतो. म्हणजे विहीर खणायची की नाही, हे पुष्कळदा फॉल्ट किती मोठा आहे यापेक्षा तो केव्हा हलला यावर ठरते, आणि एक विहीर कोरडी निघाली की काय होते, ते मी आपल्याला सांगायला नको.

आता भाच्याच्या म्हणण्याकडे वळू. फॉल्टच्या दोन बाजू एकमेकींवर घासल्या की मधला खडक दळला जातो, आणि जात्यातल्या पिठासारखी मऊ, बहुधा करडी किंवा तांबूस माती तिथे जमते. तिला गाउज म्हणतात. दळल्यामुळे खनिजांचा पृष्ठभाग वाढतो, भेगेतून गरम पाणी वाहते, आणि त्या पाण्यात जुन्या मृत्खनिजांपासून, म्हणजे चिकणमातीतल्या खनिजांपासून, आणि फेल्डस्पारपासून इलाइट नावाचे नवे मृत्खनिज जन्माला येते. आपल्या कामाची गोष्ट अशी, की इलाइटमध्ये पोटॅशियम असते. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे जेमतेम एक अणू पोटॅशियम-४० चा असतो. तो किरणोत्सारी असून सव्वाशे कोटी वर्षांत निम्मा नष्ट होतो, आणि नष्ट होणाऱ्या शंभर अणूंपैकी सुमारे अकरा अणूंचा आर्गॉन-४० वायू बनतो. नव्याने जन्मलेल्या इलाइटच्या पोटात आर्गॉन नसतो. पुढे तो साठत जातो. तो किती साठला आणि पोटॅशियम किती आहे, हे मोजले की स्फटिक केव्हा जन्मला ते कळते, आणि तो फॉल्टच्या हालचालीमुळेच जन्मला असेल, तर हालचाल केव्हा झाली तेही कळते.

शेवटच्या वाक्यातला ‘असेल तर’ हा भाच्याने बहुधा गाळला असावा. घड्याळ नेहमी खनिजाच्या जन्माची वेळ सांगते, आणि त्या जन्माचा फॉल्टशी काय संबंध आहे, हे घड्याळाला विचारून कळत नाही, खडकाकडे पाहूनच ठरवावे लागते. इलाइट फॉल्टशिवायही तयार होतो. गाळ खोल गाडला गेला आणि तापमान सुमारे ७० ते १५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात गेले की शेलमधल्या स्मेक्टाइट या दुसऱ्या मृत्खनिजाचा इलाइट आपोआप होऊ लागतो, आणि खंभातच्या खोऱ्यात तर खोलीबरोबर तापमान झपाट्याने वाढते. म्हणून गाउजबरोबर त्याच थराचा, फॉल्टपासून दूर असलेला नमुनाही तपासावा लागतो. दोन्हींचे वय सारखे आले, तर आपण फॉल्टचे नव्हे, गाळ गाडला जाण्याचे वय मोजले, असे मानणे भाग आहे. आपल्या साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या रेषा या तपासणीत आजही उपयोगी पडतात, कारण प्रयोगशाळेने दिलेले वय थरांनी घातलेल्या मर्यादेबाहेर गेले, तर मी आधी प्रयोगशाळेच्या आकड्यावर संशय घेईन.

प्रश्न : फॉल्टमधल्या मातीचे कार्बन डेटिंग का करत नाहीत? ते स्वस्तही असते म्हणतात. — एक गृहिणी, दांडिया बाजार

उत्तर : कार्बन डेटिंगला मुळात सजीवाचा कार्बन लागतो, आणि कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षांचे असल्यामुळे पन्नासेक हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतके काही उरत नाही. फॉल्टने तोडलेल्या कोवळ्या गाळात कोळशाचा तुकडा किंवा शिंपला सापडला, तर तिथे ही पद्धत जरूर वापरतात. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात मात्र ती म्हणजे सोनाराच्या तराजूवर बैलगाडी तोलण्यासारखे होईल.

प्रश्न : मी एम.एस्सी. भूविज्ञानाचा विद्यार्थी आहे. एका शोधनिबंधात एकाच गाउजच्या नमुन्यातून तीन वेगवेगळ्या आकारांचे कण वेगळे करून तीन वेगवेगळी वये दिली होती, आणि लेखकांनी स्वीकारलेले वय त्या तिन्हींपैकी एकही नव्हते. हे शास्त्र आहे की हातचलाखी? — एक विद्यार्थी, फतेगंज

उत्तर : तुमचा संशय मला आवडला, कारण मलाही हीच शंका पहिल्यांदा आली होती. उत्तर आकड्यांतच शोधू.

फॉल्टमधली माती शुद्ध नसते. तिच्यात हालचालीच्या वेळी जन्मलेला नवा इलाइट असतो, आणि त्याचबरोबर मूळ गाळातून आलेला जुना अभ्रक आणि इलाइटही असतो, ज्याच्या पोटात कोट्यवधी वर्षांचा आर्गॉन आधीच साठलेला असतो. समजा, नवा इलाइट ३ कोटी वर्षांचा आहे आणि जुना अभ्रक ३० कोटी वर्षांचा, आणि दोघांत पोटॅशियमचे प्रमाण सारखे आहे. जाड कणांत जुना माल ६० टक्के, मधल्या कणांत ३५ टक्के आणि सर्वांत बारीक कणांत १० टक्के असेल, तर तुम्हांला मिळणारी वये अनुक्रमे सुमारे १९.७ कोटी, १२.९ कोटी आणि ५.९ कोटी वर्षे येतील. ही तिन्ही वये अचूक मोजलेली आहेत, आणि या तिन्ही काळांत त्या फॉल्टवर काहीही घडलेले नाही. ती मिश्रणाची वये आहेत. दुधात पाणी घातल्यावर लॅक्टोमीटर जे दाखवतो, ते ना दुधाचे असते ना पाण्याचे, तसेच हे आहे.

म्हणून प्रत्येक आकाराच्या कणांत जुन्या मालाचे प्रमाण किती, हे स्वतंत्रपणे क्ष-किरणांनी मोजतात. जुन्या, जास्त तापमानात बनलेल्या अभ्रकातले पापुद्रे एका ठरावीक रीतीने रचलेले असतात, त्याला टू-एम-वन म्हणतात. कमी तापमानात जन्मलेल्या इलाइटचे पापुद्रे अस्ताव्यस्त रचलेले असतात, त्याला वन-एम-डी म्हणतात. क्ष-किरणांच्या आलेखात हे दोन्ही वेगळे ओळखू येतात. मग आडव्या अक्षावर जुन्या मालाची टक्केवारी आणि उभ्या अक्षावर वयाशी निगडित राशी घेऊन बिंदू मांडतात, आणि त्यांतून जाणारी सरळ रेषा शून्य टक्क्यापर्यंत वाढवतात. आपल्या उदाहरणात ती ३ कोटींना टेकेल. त्याच रेषेचे दुसरे टोक, म्हणजे शंभर टक्के, जुन्या मालाचे वय सांगते, आणि ते ३० कोटी येईल. उभ्या अक्षावर थेट वय न घेता घातांकी राशी घ्यायची असते, कारण मिसळतो तो आर्गॉन, वर्षे नव्हेत. परीक्षेत हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण विचारायला हवा. तेल कंपनीत संशोधक असलेल्या डेव्हिड पेव्हियर यांनी ही रीत आधी शेलसाठी बसवली. पुढे मिशिगन विद्यापीठाचे बेन व्हान डर प्लाइम आणि पेव्हियर यांच्यासह त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘नेचर’मध्ये ती उथळ फॉल्टना लावून दाखवली. कॅनडाच्या रॉकी पर्वतांतील फॉल्टवर त्यांना पुढे सुमारे ७.२ कोटी आणि ५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या हालचालींचे दोन वेगळे झटके दिसले.

तेव्हा तुमच्या शोधनिबंधातले ‘चौथे’ वय हातचलाखी नाही. मात्र अशा निबंधात मी काय पाहतो, ते सांगतो. बिंदू किती आहेत? तीनच असतील तर मी सावध होतो. ते खरोखर एका रेषेवर आहेत का, की रेषा त्यांच्यावर लादली आहे? सर्वांत बारीक कणांत जुना माल पाच-दहा टक्क्यांपर्यंत खाली आला आहे का, की रेषा पन्नास टक्क्यांपासून शून्यापर्यंत हवेतून ओढली आहे? आणि जुना माल एकाच वयाचा आहे, हे गृहीत धरायला काही आधार आहे का? आपल्याकडे हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण मही आणि साबरमती अरवलीतून माती आणतात, तर नर्मदा-तापी दख्खनच्या बेसॉल्टमधून आणतात. अरवलीकडून आलेला अभ्रक ९० कोटी वर्षांचा धरला, तर त्याची अवघी १० टक्के भेसळ ३ कोटींच्या इलाइटला जवळजवळ १४ कोटी वर्षांचा करून टाकते. आणि आपल्या पहिल्या उदाहरणातला ५.९ कोटींचा आकडा पाहा. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. शून्य टक्क्यापर्यंत रेषा न ओढणारा एखादा उत्साही संशोधक ‘हा फॉल्ट दख्खनच्या ज्वालामुखीशी संबंधित’ असे लिहून मोकळा होईल, आणि वाचणाऱ्याला ते पटेलही, कारण आकडा ओळखीचा वाटतो.

प्रयोगशाळेतल्या दोन सापळ्यांबद्दलही सांगतो, कारण त्यांतल्या एकात मी स्वतः सापडलो होतो. उमेदीच्या काळात मी एक गाउजचा नमुना लवकर काम उरकावे म्हणून यंत्रात बारीक दळून घेतला. त्यामुळे जाड, जुना अभ्रकही पीठ होऊन बारीक कणांत जाऊन बसला, आणि सगळ्या आकारांची वये एकाच ठिकाणी गोळा झाली. आकडे एकमेकांशी इतके छान जुळले, की मी दोन महिने खुशीत होतो. गाउज कधीही दळू नये. तो पाण्यात भिजवून पुन्हा पुन्हा गोठवावा आणि वितळवावा, म्हणजे बर्फ फुगून कण आपोआप सुटे होतात आणि त्यांचा मूळ आकार शाबूत राहतो. दुसरा सापळा आर्गॉन-आर्गॉन पद्धतीचा आहे. त्यात नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवून पोटॅशियम-३९ चा आर्गॉन-३९ करतात. त्या धक्क्याने नवा अणू सुमारे ०.०८ मायक्रॉन दूर उडतो. मोठ्या अभ्रकात हे नगण्य असते, पण इलाइटचा स्फटिकच कित्येकदा तेवढ्या जाडीचा असतो, त्यामुळे अणू स्फटिकाबाहेर पडतो आणि वय खोटेच वाढते. उपाय म्हणून नमुना आधीच काचेच्या बारीक नळीत निर्वात करून बंद करतात आणि बाहेर पडलेला वायूही मोजणीत धरतात. निबंधात या नळीचा उल्लेख नसेल, तर लेखकांना पत्र लिहून विचारायला संकोच करू नका.

प्रश्न : राजपीपळ्याच्या बाजूला एका खडीच्या खाणीत काळ्या पत्थरातल्या भेगेत पांढरे, चमकदार, रेघारेघांचे खनिज दिसले. ते भेगेबरोबरच जन्मले असेल, तर त्याचे वय म्हणजे भेगेचे वय, हे बरोबर का? — एक शिक्षिका, कारेलीबाग

उत्तर : आपण ‘रेघारेघांचे’ हा शब्द लिहिला नसता, तर मी नुसते ‘नाही’ म्हणून थांबलो असतो. त्या एका शब्दाने उत्तर लांबले.

आधी ते खनिज कोणते, ते पाहावे. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत आणि भेगांत झिओलाइट, गारगोटी आणि कॅल्साइट अशी तीन पांढरी मंडळी नेहमी भेटतात. त्यावर पातळ आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस आला, तर कॅल्साइट समजावे. घरात लिंबू असेल तर बारीक भुकटीवर त्याचाही परिणाम दिसतो. कॅल्साइट असेल तरच पुढची गोष्ट.

कॅल्साइटमध्ये अत्यल्प युरेनियम असते, पुष्कळदा दहा लाख भागांत एक भागाहूनही कमी. युरेनियम-२३८ चे सुमारे ४४७ कोटी वर्षांच्या अर्धायुष्याने शिसे होते. एवढ्या थोड्या युरेनियमवरून वय काढणे पूर्वी फार जिकिरीचे होते. गेल्या दहा-बारा वर्षांत लेसरने खनिजावर सुमारे एकदशांश मिलिमीटरचे बारीक ठिपके जाळून, प्रत्येक ठिपक्यातले युरेनियम आणि शिसे तिथल्या तिथे मोजण्याची रीत रुळली आहे. अडचण अशी, की कॅल्साइट जन्मतानाच थोडे शिसे बाहेरून घेऊन येतो, आणि ते युरेनियमपासून बनलेल्या शिशापेक्षा वेगळे काढावे लागते. म्हणून कमीजास्त युरेनियम असलेले अनेक ठिपके घेऊन त्यांचा आलेख मांडतात. सगळीकडे युरेनियम सारखेच असेल, तर आलेखात बिंदू एका जागी गोळा होतात आणि वय निघत नाही. असे नमुने बरेच असतात, आणि ते निबंधांत छापले जात नाहीत. यंत्राचा काटा बरोबर आहे का, हे तपासण्यासाठी अमेरिकेतल्या टेक्सासच्या वॉकर कॅन्यनमधला सुमारे २५.४ कोटी वर्षांचा कॅल्साइट अनेक प्रयोगशाळा वजनासारखा वापरतात.

आता आपल्या रेघांकडे येऊ. भेग उघडी पडून राहिली आणि तिच्यात लाखो वर्षांनी पाणी मुरून कॅल्साइट साचला, तर त्याचे वय ‘भेग याच्या आधीची आहे’ एवढेच सांगेल. परंतु फॉल्टच्या दोन बाजू थोड्याथोड्या सरकत असताना पायरीसारख्या उंचवट्यांच्या आडोशाला जी पोकळी उघडते, तिच्यात कॅल्साइट सरकण्याच्या दिशेने तंतूंसारखा वाढतो. असे तंतू हालचालीबरोबरच जन्मतात, आणि त्यांचे वय फॉल्टच्या हालचालीचे वय म्हणून घ्यायला बराच आधार असतो. तेव्हा पुन्हा गेलात, तर दोन गोष्टी पाहाव्यात. रेघा भेगेच्या पृष्ठाला समांतर आणि एकाच दिशेने आडव्या पडलेल्या आहेत, की भेगेच्या दोन्ही भिंतींपासून मध्याकडे उभ्या वाढलेल्या आहेत? उभ्या असतील, तर भेग नुसती फाकली आहे, सरकलेली नाही. आणि हाताचा तळवा रेघांवरून एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने फिरवला तर पायऱ्या बोचतात का? तसे असेल, तर गुळगुळीत लागणारी दिशा ही बहुधा आपल्या तळव्याखालचा नव्हे, वरचा, आता निघून गेलेला खडक सरकल्याची दिशा असते.

याच धर्तीचे काम निक रॉबर्ट्स आणि रिचर्ड वॉकर यांनी २०१६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर केले. फेरो बेटेही आपल्या दख्खनसारखीच थरावर थर साचलेल्या बेसॉल्टची आहेत. तिथल्या फॉल्टमधल्या कॅल्साइटची वये इओसीन कालखंडाच्या मध्यापासून मायोसीन कालखंडाच्या मध्यापर्यंत, म्हणजे ढोबळमानाने साडेचार कोटी ते सव्वा कोटी वर्षांपूर्वीची आली. म्हणजे लाव्हा थिजून कित्येक कोटी वर्षे लोटल्यावरही ते फॉल्ट हलत होते. गेल्या अंकातले माझे वाक्य मी खंभातच्या थरांच्या आधारे लिहिले होते, पण ते लिहिताना हे काम डोळ्यांसमोर होते, हे कबूल करतो.

हाच शोध पावागडावर घेण्याचा मोह झाला, तर तिथले दगड मात्र जागेवरच राहू द्यावेत. चांपानेर-पावागड परिसर २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

प्रश्न : २००१ च्या प्रजासत्ताक दिनी सकाळी मुलांना ध्वजवंदनाला पाठवण्याच्या गडबडीत असताना घर हलले, ते मी विसरू शकत नाही. कच्छच्या फॉल्टचे वय अशा पद्धतींनी काढले, तर पुढचा भूकंप केव्हा होईल, हे सांगता येईल काय? — एक ज्येष्ठ वाचक, रावपुरा

उत्तर : आपली काळजी समजते, पण इलाइट आणि कॅल्साइट यांच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. ३ कोटी वर्षांच्या वयात दोन टक्क्यांची अनिश्चितता धरली, तरी ती ६ लाख वर्षे होते. शिवाय अशा फॉल्टची हालचाल ही एक घटना नसते. एखाद्या फॉल्टवर एकूण ५०० मीटर सरकणे झाले आहे आणि एका मोठ्या भूकंपात तो साधारण एक मीटर सरकतो असे धरले, तर त्यावर ५०० भूकंप होऊन गेले. गाउजमधला इलाइट त्या सगळ्यांची मिळून एक सरासरी तारीख देतो. वर मी ‘हालचालीचे वय’ असे जे पुन्हा पुन्हा लिहिले, ते या अर्थाने घ्यावे.

अलीकडच्या भूकंपांसाठी वेगळे घड्याळ लागते. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे कण गाडले गेले की आसपासच्या किरणोत्साराने त्यांच्यात ऊर्जा साठत जाते, आणि उन्हाचा स्पर्श होताच ती रिकामी होते. प्रयोगशाळेत अंधारात तो कण प्रकाशाने चेतवला, की तो मंद उजेड देऊन साठवलेली ऊर्जा परत करतो, आणि त्यावरून शेवटचे ऊन त्याने केव्हा पाहिले, ते कळते. फॉल्टवर चर खणून, तुटलेल्या थराचे आणि त्यावरच्या अखंड थराचे असे वय काढले, तर भूकंप त्या दोन तारखांच्या मधला असतो. आपल्या पहिल्या पत्रलेखकाच्या साहेबांचाच हा तर्क आहे, फक्त कोटींऐवजी हजारांत. आपल्याजवळ अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत या पद्धतीवर अनेक वर्षे काम झाले आहे, आणि कच्छमध्ये कातरोळच्या डोंगरांलगतच्या फॉल्टजवळचे गाळ या पद्धतीने अभ्यासले गेले आहेत.

२००१ च्या भूकंपापुढे मात्र हे घड्याळही अडते. तो ज्या फॉल्टवर झाला, त्याची हालचाल वीसेक किलोमीटर खोलवर झाली आणि ती भेग जमिनीपर्यंत आलीच नाही, त्यामुळे चर खणायला जागाच नव्हती. याच्या उलट, १६ जून १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीचा लांबच लांब पट्टा उचलला गेला, लोकांनी त्याला ‘अल्लाह बंद’, म्हणजे देवाने घातलेला बांध, म्हटले, आणि जवळचा सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. ती तारीख कळायला प्रयोगशाळा लागली नाही. अशा दोन-चार तारखांवरून दीर्घकाळाची सरासरी काढता येते, आणि इमारतींचे नियम ठरवताना तिचा उपयोग होतो. पुढच्या भूकंपाचा दिवस किंवा वर्ष तिच्यातून निघत नाही, आणि ते सांगतो म्हणणाऱ्यांना आपण घरात घेऊ नये.

प्रश्न : झगडियाजवळ आमच्या शेतात विहीर खणताना चाळीस फुटांवर तिरकी भेग लागली आणि तिच्यात चिकट माती आहे. तिचे वय काढण्यासाठी नमुना पाठवला तर चालेल का? — एक शेतकरी वाचक, भरूच जिल्हा

उत्तर : नमुना इतक्यात पाठवू नये. नर्मदेच्या त्या पट्ट्यात फॉल्ट असणे अगदी शक्य आहे. २३ मार्च १९७० चा भरूचचा भूकंप आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पण प्रत्येक भेग फॉल्ट नसते. खडक नुसता तडकला असेल आणि वरची माती पावसाच्या पाण्याबरोबर भेगेत उतरून बसली असेल, तर तिचे वय काढून हाती काही येणार नाही. ती माती अशी उतरलेली आहे, की तिथेच दळली गेलेली, हे आधी ठरवावे लागेल. भेगेची भिंत पाण्याने धुऊन पाहावी, आणि तीवर घासल्याच्या चकचकीत रेघा आहेत का, ते बघावे. विहीर बांधून काढण्यापूर्वी, एखादा ठळक थर, लाल मातीचा पट्टा म्हणा किंवा खडीचा म्हणा, भेगेच्या दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर आहे की वरखाली झाला आहे, ते टेपने मोजावे, आणि टेप दिसेल असा फोटो काढून ठेवावा. विहिरीत उतरताना दोर आणि माणूस दोन्ही वर असू द्यावेत. मोजमाप कळवलेत, की पुढच्या अंकात त्यावर लिहितो.